गायक पाहुणा आणि ‘दोन ओळी’

अमेरिकी आणि ब्रिटिश दूरचित्रवाणीवरच्या मुलाखतीच्या कार्यक्रमांत गायक अगदी शेवटी येतो, एक गाणे पूर्ण सादर करतो आणि बहुतेक वेळा फारसे न बोलता निघून जातो. आपल्याकडे मात्र गायकाशी तासभर गप्पा होतात आणि मधूनच त्याला ‘दोन ओळी’ म्हणायला सांगितले जाते. हा फरक का पडला, पाहुण्यांना प्रश्न आधी दिलेले असतात का, आणि तुम्ही सुरू करू पाहत असलेल्या मुलाखतमालेत गायकांना बोलावताना काय सांभाळावे, असे तीन प्रश्न तुम्ही विचारले आहेत. गेली चोवीस वर्षे मी मुंबईत वेगवेगळ्या वाहिन्यांच्या मुलाखतीच्या कार्यक्रमांसाठी पाहुणे ठरवणे, त्यांच्याशी आधी बोलून टिपणे काढणे आणि चित्रीकरणाच्या दिवशी त्यांची सोय पाहणे हे काम करत आले आहे. परदेशी कार्यक्रमांविषयी मी लिहिते आहे ते या धंद्यातला माणूस जसे बारकाईने पाहतो तसे पाहून. आपल्याकडचे मात्र स्वतः केलेले आहे, आणि त्यातल्या काही चुकाही माझ्याच आहेत.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर थोडक्यात द्यायचे तर तिकडचा गायक नवे गाणे घेऊन येतो आणि आपला गायक जुन्या आठवणी घेऊन येतो. बाकीचे बहुतेक फरक याच एका गोष्टीतून निघतात.

मुलाखतीच्या कार्यक्रमात कोणतेही मोठे नाव निव्वळ गप्पा मारायला येत नाही. चित्रपट लागायचा असतो, पुस्तक यायचे असते, नाहीतर दौरा सुरू व्हायचा असतो. कार्यक्रमाला नाव हवे असते आणि नावाला प्रेक्षक हवे असतात. हा उघड व्यवहार आहे आणि त्यात लाजण्यासारखे काही नाही. नोव्हेंबर 1971 मध्ये ‘बीटल्स’मधला जॉर्ज हॅरिसन हा अमेरिकी मुलाखतकार डिक कॅव्हेट यांच्या कार्यक्रमात आला तेव्हा त्यालाही निमित्त होतेच. पंडित रविशंकर यांच्यावरचा माहितीपट त्याच सुमारास प्रदर्शित होत होता, आणि त्या भागात रविशंकर स्वतःही येऊन बसले. निमित्त विक्रीचे असले तरी बोलणे विक्रीपुरते राहिले नाही, हे कॅव्हेट यांचे कसब. निमित्त नसलेला पाहुणा शोधत बसण्यापेक्षा निमित्ताच्या पलीकडे जाईल असा मुलाखतकार शोधावा, असे मी माझ्या हाताखालच्या मुलामुलींना सांगते.

अमेरिकेत गायकाकडे विकायला स्वतःचे काहीतरी असते. गाणे त्याच्या नावाने निघते, अल्बम त्याच्या नावाने खपतो, आणि गावोगावच्या कार्यक्रमांची तिकिटेही त्याच्याच नावावर विकली जातात. म्हणून तो येतो तो थेट माल दाखवायला, म्हणजे गायला. आपल्याकडे चित्रपटगीत पडद्यावर नटाचे असते, जाहिरात चित्रपटाची होते आणि ती करायला नट-नटी येतात. चित्रपट लागण्याच्या आठवड्यात पार्श्वगायकाला बोलावण्याची कोणाला निकड वाटत नाही. त्याला आपण बोलावतो ते कारकीर्दीची पंचवीस किंवा पन्नास वर्षे झाल्यावर, एखादा पुरस्कार मिळाल्यावर किंवा पंचाहत्तरीला. म्हणजेच तो येतो तेव्हा त्याचे गाणे सगळ्यांना आधीच पाठ असते. ते नव्याने ऐकवण्यापेक्षा त्याच्यामागची गोष्ट ऐकण्याची उत्सुकता जास्त असते, आणि गाण्याची फक्त आठवण करून दिली तरी भागते. ‘दोन ओळी’ ही प्रथा अशी जन्माला आली आहे.

दुसरे कारण पैशाचे आणि जागेचे आहे, आणि ते बाहेरच्या माणसाला सहसा दिसत नाही. अमेरिकेतला रात्रीचा मुलाखतीचा कार्यक्रम आठवड्यातून चार-पाच दिवस, वर्षानुवर्षे, एकाच स्टुडिओत होतो. ‘द टुनाइट शो’ 1954 मध्ये सुरू झाला तेव्हा त्याचे पहिले यजमान स्टीव्ह ॲलन हे स्वतः पियानो वाजवणारे आणि गाणी रचणारे होते, त्यामुळे वादकांचा ताफा या प्रकाराच्या घडणीतच आहे. 1962 ते 1992 अशी तीस वर्षे हा कार्यक्रम चालवणाऱ्या जॉनी कार्सन यांच्या शेजारी एनबीसी वाहिनीचा पूर्ण वाद्यवृंद असे आणि 1967 पासून ट्रम्पेटवादक डॉक सेव्हरिन्सन तो सांभाळत. रात्रीच्या कार्यक्रमाचे दुसरे प्रसिद्ध यजमान डेव्हिड लेटरमन यांच्याकडे पॉल शेफर यांचा ताफा होता. त्यांच्या नंतरच्या पिढीतले यजमान जिमी फॅलन यांच्याकडे ‘द रूट्स’ हा स्वतःच्या नावावर अल्बम असलेला गट 2009 पासून आहे. माइक लावलेले आहेत, ध्वनीचा माणूस रोज तोच आहे, वाद्यांची जागा ठरलेली आहे. अशा ठिकाणी एक गाणे जास्तीचे घेण्याचा खर्च फार नसतो.

आमच्याकडे चित्रीकरणाच्या एका दिवसात दोन, कधी तीन भाग उरकायचे असतात. मुलाखतकार दुपारी जेवणानंतर कुर्ता बदलतो आणि प्रेक्षकांना तो पुढच्या आठवड्यात भेटतो. यात तबला, हार्मोनिअम, कीबोर्ड, गिटार आणि एक तालवाद्य एवढाच संच मांडायचा म्हटले तरी मांडणी, माइक, साउंड चेक आणि नंतरची आवराआवर धरून दोन-अडीच तास जातात, म्हणजे जवळजवळ एक भागच हातचा जातो. निर्मात्याने तो हिशेब केला की गाणे आधी चारवरून दोनवर येते, मग दोनवरून सोफ्यावर बसल्या बसल्या ‘दोन ओळीं’वर. 1997 मध्ये सुरू झालेल्या शेखर सुमन यांच्या ‘मूव्हर्स अँड शेकर्स’मध्ये अमेरिकी धर्तीवर वादकांचा ताफा ठेवलेला होता, पण त्याच सुमाराच्या आणि नंतरच्या आपल्या बहुतेक गप्पांच्या कार्यक्रमांनी तो खर्च टाळला. सिमी गरेवाल यांच्या शुभ्र दिवाणखान्यात किंवा करण जोहर यांच्या कॉफीच्या टेबलाशी वाद्यवृंदाला जागाच नव्हती, आणि त्यांची गरजही तशी नव्हती.

आता गाणे शेवटीच का, याकडे येते. लोक गाण्याला कमी लेखतात म्हणून ते शेवटी ढकलले जाते, असा समज आहे. तो अर्धाच खरा आहे. सर्वांत मोठे नाव आधी, हा नियम रात्रीच्या कार्यक्रमात पाळावाच लागतो, कारण साडेअकराला सुरू झालेला कार्यक्रम पाहता पाहता प्रेक्षक झोपी जात असतो. कार्सन यांचा कार्यक्रम 1980 पर्यंत दीड तासाचा होता. तेव्हा नट, विनोदकार, गायक एवढे झाल्यावरही शेवटी एखाद्या लेखकाला दहा मिनिटे मिळत. तो तासाभराचा झाला आणि सर्वांत आधी या निवांत पाहुण्यांची जागा गेली. गाणे मात्र टिकले, कारण शेवटच्या खंडाला गप्पांपेक्षा नेमक्या लांबीची वस्तू बरी पडते. गप्पा लांबतात, संकलनात कापाव्या लागतात, त्यातला विनोद नीट कापला गेला नाही तर पाहुणा नाराज होतो. साडेतीन मिनिटांचे गाणे मात्र साडेतीन मिनिटांतच संपते. शिवाय ड्रम, ॲम्प्लिफायर, तारा हा सगळा पसारा पडद्याआड आधीच मांडून ठेवून जाहिरातींच्या वेळात तिकडे वळता येते, आणि गाणे झाल्यावर पुन्हा खुर्च्यांकडे यावे लागत नाही.

ही शेवटची जागा वाया जातेच असे नाही. मार्च 2014 मध्ये बाल्टिमोरचा ‘फ्यूचर आयलंड्स’ हा गट लेटरमन यांच्याकडे गायला. बरीच वर्षे वाजवत असलेल्या, पण फारशा लोकांना माहीत नसलेल्या या गटाच्या गायकाने छाती बडवत, गुडघ्यांत वाकून, अधूनमधून घशातून गुरगुरत जे काही केले त्याची चित्रफीत दुसऱ्या दिवशीपासून जगभर फिरली. त्याला कोणी एकही प्रश्न विचारला नव्हता. मुलाखतीच्या कार्यक्रमाने गायकासाठी करण्यासारखे सर्वांत चांगले काम कधीकधी हेच असते, की त्याला बोलायला न लावता नीट गाऊ द्यावे.

आणि उलटेही खरे आहे. 30 ऑक्टोबर 2002 रोजी लेटरमन यांनी गायक-गीतकार वॉरन झेव्हॉन या एकाच पाहुण्यासाठी सगळा तास दिला. झेव्हॉन यांना बरा न होणारा कर्करोग झाल्याचे जाहीर झाले होते, आणि पुढच्या सप्टेंबरात ते गेले. पॉल शेफर रजेवर असत तेव्हा झेव्हॉन यांनी त्या ताफ्याची सूत्रे सांभाळली होती, म्हणजे ते पाहुणे असूनही घरचेच होते. त्या भागात आधी बोलणे झाले, आजाराविषयीही झाले, थट्टाही झाली आणि मग तीन गाणी झाली. मी नव्या लोकांना हा भाग मुद्दाम पाहायला लावते, आणि तो करुण आहे म्हणून नव्हे. बोलण्याने गाण्याची जागा कशी तयार करून ठेवली, हे त्यात दिसते. जे प्रश्न विचारून झाले त्यांचे उरलेले उत्तर गाण्यात होते, आणि यजमानाने ते मध्ये तोडले नाही.

‘पण मग सोफ्यावर बसून अचानक गायल्याची उदाहरणेही आहेत की,’ असे तुम्ही म्हणाल. आहेत, आणि त्यांतले सर्वांत प्रसिद्ध 21 मे 1992 चे, म्हणजे कार्सन निवृत्त होण्याच्या आदल्या रात्रीचे. गायिका-अभिनेत्री बेट मिडलर पाहुणी होती. बोलता बोलता कार्सन यांच्या आवडत्या एका जुन्या गाण्याचा विषय निघाला, तिने बसल्या जागी ते सुरू केले आणि कार्सनही तिच्याबरोबर म्हणू लागले. पाहणाऱ्याला वाटते, काय सहज घडले! पण त्यांच्यामागे तीस वर्षे यजमानाची आवड-निवड ओळखणारा पूर्ण वाद्यवृंद बसला होता. ती गाणे कोणत्या सुरात धरते आहे हे कळताच त्याने साथ धरली. मिडलरही तयारीनिशी आली होती, आणि शेवटी कार्सन यांच्याकडे पाहत तिने जे गाणे म्हटले ते आधीच ठरलेले होते. त्या सादरीकरणासाठी तिला दूरचित्रवाणीचा एमी पुरस्कार मिळाला. आपण मात्र या प्रसंगातली सहजता तेवढी उचलतो आणि तिच्या मागचा वाद्यवृंद सोडून देतो.

इथे मला जरा सविस्तर लिहायचे आहे, कारण तुम्ही नेमकी हीच चूक करण्याच्या बेतात आहात, असे तुमच्या आराखड्यावरून दिसते. त्यात प्रत्येक गायकाच्या नावापुढे ‘मधूनमधून गाण्याच्या ओळी’ असे लिहिले आहे.

सोफ्यावर बसलेल्या गायकाला कपड्यांवर लावायचा लेपल माइक दिलेला असतो. तो बोलण्यासाठी असतो. गायक मान वर करतो, वळवतो, वरच्या सुरासाठी छाती पुढे काढतो, आणि तेवढ्यात आवाज कधी माइकपासून दूर जातो तर कधी एकदम फुटतो. कानाला स्वर धरायला काही नसते, स्टुडिओतला वातानुकूलन यंत्राचा घों असा आवाज हाच जणू त्याचा तानपुरा. गाणे ज्या पट्टीत लोकांच्या कानांत बसलेले आहे ती तीस-चाळीस वर्षांपूर्वीची असते. आवाज आता दोन सूर उतरलेला असतो. मैफलीत तो गायक आपली पट्टी नीट निवडून, खाली घेऊन, तेच गाणे आजही सुंदर गातो. इथे मात्र ‘ताई, दोन ओळी होऊन जाऊ द्यात’ म्हटले की तो मूळ ध्वनिमुद्रिकेच्या आठवणीने उंचच सुरुवात करतो आणि अंतऱ्यात अडकतो. सभागृहात हे विरून जाते. दूरचित्रवाणीवर ते राहते, आणि हल्ली तर त्याचीच बारा सेकंदांची फीत कापून लोक एकमेकांना पाठवतात.

माझ्या कामाच्या पाचव्या-सहाव्या वर्षी एका ज्येष्ठ गायिकेच्या बाबतीत हे माझ्याच टिपणामुळे घडले. त्यांनी आधीच्या बोलण्यात मला स्पष्ट सांगितले होते की, पेटी नसेल तर मी गाणार नाही. मी टिपणाच्या दुसऱ्या पानावर ते लिहिले. मुलाखतकाराने पहिलेच पान पाहिले होते. प्रेक्षकांच्या टाळ्या सुरू झाल्यावर त्यांना नाही म्हणता आले नाही. त्या गायल्या, मध्ये थांबल्या, हसल्या आणि ‘वय झालं आता’ म्हणाल्या. वाहिनीला तो क्षण फार आवडला आणि जाहिरातीत तोच दाखवला गेला. त्यांनी मला नंतर फोन केला तो रागावण्यासाठी नव्हे, तर तेवढे वाक्य काढता येईल का, हे विचारण्यासाठी. काढता आले नाही, कारण तोवर ते प्रसारित झाले होते. तेव्हापासून माझ्या टिपणाच्या पहिल्या पानावर, सर्वांत वर, लाल शाईत एकच ओळ असते: पाहुणा गाणार आहे की नाही, आणि गाणार असल्यास कशाबरोबर.

म्हणून माझा आग्रह असा, की गप्पांसाठी बोलावलेला गायक आणि गाण्यासाठी बोलावलेला गायक हे दोन वेगळे पाहुणे समजावेत. माणूस एकच असला तरी त्याची व्यवस्था दोन प्रकारे करावी. गाणे हवे असेल तर त्यासाठी वेगळी जागा, वेगळा माइक, किमान तानपुरा आणि एक साथीदार, आणि चित्रीकरणाआधी अर्धा तास शांतपणे आवाज पाहून घेण्याची सोय हवी. तुमच्याकडे पैसा कमी असेल तर भागात एकच गाणे ठेवा, पण ते पूर्ण ठेवा. सहा गाण्यांच्या दोन-दोन ओळींपेक्षा एक पूर्ण बंदिश किंवा एक पूर्ण भावगीत केव्हाही चांगले, आणि खर्च जवळपास तेवढाच येतो, कारण साथीदार एका गाण्यासाठी आला काय आणि सहांसाठी आला काय, त्याचा दिवस तर गेलेलाच असतो.

वाद्यांच्या बाबतीत स्टुडिओ ही वाईट जागा आहे, हे आधीच गृहीत धरा. दिव्यांची धग लागली की तबल्याची पुडी ताणली जाऊन स्वर चढतो, तर तानपुऱ्याच्या तारा सैलावून उतरतात; म्हणजे एकमेकांशी मिळालेली दोन वाद्ये दहा मिनिटांत दोन दिशांना जातात. दिवे बंद करून वातानुकूलन वाढवले की याच्या उलट. लेटरमन आपला स्टुडिओ मुद्दाम गारठवून ठेवत, कारण गार हवेत प्रेक्षक जागे राहतात आणि विनोद चांगला चालतो, असा त्यांचा अनुभव होता. आपल्या वाद्यांना मात्र असा गारठा मानवत नाही. दिवे लागल्यावर वाद्यांना निदान वीस मिनिटे त्या उजेडात राहू द्यावे आणि मगच शेवटचे जुळवून घ्यावे. जुळवाजुळव चालू असताना फ्लोअरवरच्या कोणीही ‘सर, रेडी?’ असे तीन-तीनदा विचारू नये. 1 ऑगस्ट 1971 रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बांगलादेशच्या मदतीसाठी झालेल्या जलशात रविशंकर आणि अली अकबर खाँ यांनी वाद्ये जुळवली तेव्हा श्रोत्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या. जुळवणे एवढे आवडले असेल तर वादन त्याहून आवडेल अशी आशा आहे, असे रविशंकर त्यांना हसून म्हणाले. त्या प्रेक्षकांना निदान ऐकायचे तरी होते. आमच्या कंट्रोल रूममध्ये जुळवणे म्हणजे वाया गेलेली टेप, अशीच समजूत अजून आहे.

साथीदारांविषयीही लिहिते. गायकाला गाडी पाठवली जाते आणि तबलजी दोन्ही वाद्ये घेऊन लोकलने येतो, हे मी इतक्या वेळा पाहिले आहे की त्याचे आश्चर्य वाटेनासे झाले होते. तुमचा कार्यक्रम छोटा आहे, त्यामुळे तुम्हाला हे सुधारणे सोपे जाईल. गाडी एकच असली तरी ती साथीदारांना घेऊन यावी. मानधनाचा आकडा गायकाला विचारून नव्हे, तर साथीदाराशी थेट बोलून ठरवावा, आणि तानपुऱ्यावर बसलेल्या शिष्येचेही नाव पडद्यावर यावे. अमेरिकेत कलाकारांच्या संघटनेने ठरवलेले किमान मानधन कोट्यधीश पाहुण्यालाही दिले जाते. आपल्याकडे जाहिरातीसाठी आलेला नट सहसा काही घेत नाही आणि ते योग्यच आहे, कारण त्याचा मोबदला दुसरीकडून निघतो. पण वादकाकडे विकायला काही नसते. तो आला म्हणजे कामावर आला.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. प्रश्न आधी द्यायचे नसतात, विषय आधी ठरवायचे असतात. चांगल्या कार्यक्रमात यजमानाआधी एक माणूस पाहुण्याशी फोनवर किंवा भेटून तासभर बोलतो, त्यातून सहा-सात धागे निवडतो आणि प्रत्येकापुढे कुठून सुरुवात केली तर कुठे पोचता येते, हे लिहून ठेवतो. लेटरमन यांच्या हातातल्या निळ्या कार्डांवर असाच मजकूर असे. पाहुण्याला फक्त एवढेच माहीत असते की, उदाहरणार्थ, लहानपणीच्या विहिरीच्या प्रसंगाचा विषय निघणार आहे. याला काही लोक नाटक म्हणतात. मला तसे वाटत नाही. आपणही पाहुण्यांपुढे जी गोष्ट रंगवून सांगतो ती पहिल्यांदा सांगत नसतो. आधी बोलणाऱ्या माणसाने एक पथ्य मात्र पाळावे: गोष्ट पूर्ण ऐकून घेऊ नये. ती कळली की ‘हे तिथेच सांगा’ म्हणून थांबवावे. फोनवर रंगून सांगितलेली गोष्ट दोन दिवसांनी कॅमेऱ्यापुढे शिळी येते.

या बाबतीत जपानचे एक उदाहरण मराठी वाचकाला जवळचे वाटेल. ज्यांची ‘तोत्तोचान’ आपण सर्वांनी वाचली त्या तेत्सुको कुरोयानागी यांचा ‘तेत्सुकोची खोली’ हा मुलाखतीचा कार्यक्रम फेब्रुवारी 1976 पासून चालू आहे, आणि 2015 मध्ये त्याचे दहा हजार भाग पूर्ण झाले. तो जवळपास थेट प्रसारणासारखा, न कापता दाखवायचा, हा त्यांचा आग्रह राहिला आहे. न कापता चालवायचे म्हणजे तयारी किती हवी, याचा विचार करा. त्याच बाई 1978 पासून काही वर्षे लोकप्रिय गाण्यांचा एक वेगळा साप्ताहिक कार्यक्रमही सादर करत होत्या. म्हणजे गप्पांची खोली वेगळी आणि गाण्याचा मंच वेगळा, ही विभागणी त्यांनी स्वतःपुरती किती स्वच्छ ठेवली होती!

आपल्याकडे मुंबई दूरदर्शन 2 ऑक्टोबर 1972 रोजी सुरू झाले आणि त्याच वर्षापासून तबस्सुम यांचा ‘फूल खिले हैं गुलशन गुलशन’ हा हिंदी कार्यक्रम पुढे एकवीस वर्षे चालला. चित्रपटसृष्टीतल्या पाहुण्यांशी हसतखेळत बोलायचे आणि मध्ये त्यांच्या चित्रपटांतली गाणी दाखवायची, हा साचा तिथे पक्का झाला. चित्रफीत दाखवणे सोयीचे होते: गायकाला त्रास नाही, वादकांचा खर्च नाही आणि लोकांना मूळ गाणेच ऐकायला मिळते. तुम्हालाही हा मार्ग मोहात पाडेल, म्हणून हक्कांविषयी सांगते.

चित्रपटातली फीत दाखवली तर चित्रपटाचे आणि ध्वनिमुद्रणाचे हक्क ज्यांच्याकडे आहेत त्यांची परवानगी लागते. गायक स्वतः, स्वतःच्या साथीदारांसह तुमच्याकडे गायला तर ध्वनिमुद्रणाचा प्रश्न उरत नाही, पण शब्द आणि चाल यांचे हक्क उरतातच. 2012 मध्ये कॉपीराइट कायद्यात झालेल्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीवरचा हक्क अधिक भक्कम झाला, आणि त्यांच्या वतीने परवाने देणारी ‘आयपीआरएस’ ही संस्था 2017 मध्ये पुन्हा रीतसर नोंदली गेली. ‘आम्ही तर फक्त अभंग घेणार आहोत, त्याला कसली परवानगी?’ असे मला नेहमी विचारतात. तुकोबांचे शब्द सर्वांचे आहेत. त्यांना विसाव्या शतकात एखाद्या संगीतकाराने लावलेली चाल मात्र त्या संगीतकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षांपर्यंत संरक्षित असते. पारंपरिक चालीत म्हटले तर अडचण नाही. गायकाचा स्वतःच्या सादरीकरणावरही हक्क असतो, तो पन्नास वर्षांचा. त्यामुळे दूरचित्रवाणीवर एकदा दाखवणे, यूट्यूबवर कायम ठेवणे आणि त्याचे तुकडे करून टाकणे या तीन गोष्टींची परवानगी पत्रात तीन वेगळ्या ओळींत घ्या. मोठ्या वाहिन्यांचे जुने मुलाखतींचे भाग पुन्हा उपलब्ध होतात तेव्हा नेमकी गाणी गाळलेली दिसतात, कारण चित्रीकरणाच्या दिवशी ही ओळ कोणी लिहून घेतलेली नसते.

राहता राहिला पाहुण्यांचा क्रम. तुम्ही एका भागात एक नट, एक लेखिका आणि एक गायक असे तिघे घेणार आहात. ब्रिटनमधले मुलाखतकार ग्रॅहम नॉर्टन सर्वांना एकाच कोचावर आधीपासून बसवतात, आणि गायक बहुधा गाणे संपवून मग त्या कोचावर येतो. मला ही पद्धत तुमच्यासाठी अधिक बरी वाटते. गायकाला आधी गाऊ द्या. गाणे झाल्यावर तो घामेजलेला, मोकळा होऊन येतो, बाकीच्यांनी ते नुकतेच ऐकलेले असते, आणि पहिला प्रश्न मुलाखतकाराने विचारायच्या आधी लेखिकाच विचारते. उलट क्रम ठेवला तर गायक सगळा वेळ घशाच्या काळजीत कोमट पाण्याचे घोट घेत बसतो आणि त्याचे लक्ष गप्पांत नसते. नट मात्र शेवटपर्यंत टिकेल याची खात्री करून घ्या. त्यांना पुढच्या ठिकाणी जायचे असते आणि त्यांच्यासोबतचा माणूस कॅमेऱ्यामागून घड्याळ दाखवत असतो. त्या माणसाला चहा देऊन बाहेरच्या खोलीत बसवण्याचे काम कोणाकडे आहे, हे आदल्या दिवशीच ठरवावे.